२३ ‘हो’, ४ इन्स्टॉल आणि एक ‘छान आहे’

पत्र असं आलंय:

“ताई, नोकरी सांभाळून, रात्री जागून आठ महिन्यांत मी औषधांची वेळ सांगणारं एक अँड्रॉइड ॲप बनवलंय. आईच्या गोळ्या सारख्या चुकायच्या म्हणून सुरू केलं होतं. आता प्ले स्टोअरवर टाकायला गेले तर म्हणे आधी १२ टेस्टर १४ दिवस पाहिजेत. व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, ग्रुपवर विचारलं, २३ जण ‘हो हो पाठव’ म्हणाले. लिंक पाठवली. ९ जणांनी ऑप्ट-इन केलं, म्हणजे लिंकवर जाऊन टेस्टर व्हायला होकार दिला, ४ जणांनी इन्स्टॉल केलं आणि अभिप्राय आला फक्त एकाचा, माझ्या मावसभावाचा: ‘छान आहे’. तो तर डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. आता एकाचा मेसेज आलाय, पैसे दे, १२ टेस्टर १४ दिवस मी देतो, पास व्हायची गॅरंटी. घेऊन टाकू का? आणि भरवशाचे टेस्टर लोक आणतात तरी कुठून? – रात्रीची डेव्हलपर”

अगं, त्या गॅरंटीवाल्याला आधी ‘नको’ कळव, मग पुढचं वाच, कारण हे वाचता वाचता रात्रीचे दोन वाजतील आणि दोन वाजता माणूस कशालाही हो म्हणतो.

का नको ते सांगते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर अकाउंटला गुगलने ही अट लावली, सुरुवातीला २० टेस्टर होते, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ वर आणले. कंपनीच्या नावाच्या अकाउंटला ही अट नाहीये, पण त्यासाठी खरंच नोंदणी केलेली संस्था लागते, नुसती अट चुकवायला म्हणून त्या वाटेला जाऊ नकोस. तर लोकांना वाटतं की १२ ईमेल आणि १४ दिवस झाले की दार उघडलं. तसं नाहीये. १४ दिवसांनंतर तुला प्रॉडक्शन अ‍ॅक्सेससाठी, म्हणजे ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या परवानगीसाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात प्रश्न असतात: टेस्टर कसे मिळवले, त्यांनी ॲप कसं वापरलं, काय अभिप्राय दिला आणि त्यावरून तू काय बदललंस. टेस्टरांनी ॲप नीट वापरलेलंच नाही असं दिसलं तर ‘अजून टेस्टिंग करा’ म्हणून अर्ज परत येतो, आणि त्या भाड्याच्या १२ जणांनी काय केलेलं असतं, एकदा इन्स्टॉल करून पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेलेले असतात. म्हणजे पैसे गेले, १४ दिवस गेले आणि फॉर्ममध्ये लिहायला काहीच नाही, मग तिथे काहीतरी रचून लिहायचं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

पण समज पास झालंही. तरी मी नकोच म्हणीन, कारण तुझं ॲप वॉलपेपरचं नाहीये, औषधाचं आहे. ते नाही वाजलं तर कुणाची तरी गोळी चुकणार आहे, आणि ही गोष्ट लाँच झाल्यावर अनोळखी माणसाच्या घरात कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी की नाही? तुला ते १२ जण गुगलसाठी नकोयत, तुला स्वतःला हवेत. हे एकदा मनात पक्कं झालं ना की कुणाला विचारायचं ते आपोआप बदलतं.

आता तुझ्या त्या २३ जणांकडे येऊ. ती माणसं खोटारडी नाहीत गं. तू स्टेटसला काय लिहिलं असशील ते मी न बघता सांगते: ‘माझं ॲप तयार झालंय, प्लीज टेस्टिंगसाठी मदत करा’. बरोबर? तू मदत मागितलीस, त्यांनी मदतीला हो म्हटलं, तुझ्यावरच्या प्रेमापोटी. पण प्रेमापोटी माणूस एकदा लिंक उघडतो, १४ दिवस रोज ॲप उघडत नाही. रोज ते उघडणार कोण, तर ज्याच्या घरी रात्री साडेनऊला ‘गोळी घेतली का, नाही अजून, अरे देवा’ हा संवाद होतो तो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुझ्या २३ जणांत असे किती होते? तू मोजलेच नसशील, कारण तू ‘कोण हो म्हणतंय’ ते मोजत होतीस.

मी पण हेच केलंय, म्हणून इतक्या ठामपणे बोलतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मित्रमंडळींत खर्च वाटून घ्यायचं एक ॲप केलं होतं, टेस्टर सगळे ऑफिसमधले डेव्हलपर मित्र, सगळ्यांनी ‘कडक’ वगैरे म्हटलं, दोघांनी तर कोडची स्तुती केली, आणि त्यातल्या एकानेही कधी कुणाबरोबर खर्च वाटून घेतला नव्हता, कारण दर वेळी एकच जण सगळं बिल भरायचा. एक मुलगी फक्त वेगळी होती, चार जणींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिने लिहिलं की एखादी मधेच निघून गेली तर तिचा हिशोब गायब होतो. मी काय करावं? तिला फोन करून वीस मिनिटं समजावलं की तू चुकीचं वापरतेयस, आधी सेटल करायचं, मग मेंबर काढायचा. ती ‘बरं बरं’ म्हणाली आणि परत कधी काही लिहिलं नाही. लाँचनंतर पहिलाच एक स्टारचा रिव्ह्यू आला, शब्द वेगळे होते पण तक्रार तीच. माझ्याकडे एक भरवशाची टेस्टर होती आणि मीच तिला गप्प बसवलं होतं.

तर शोधायचं कुठे. रोज दोन-तीन वेळा औषध घेणारे लोक आणि त्याहून जास्त त्यांची काळजी घेणारे, म्हणजे मुलगी, सून, नवरा, केअरटेकर. यांचे ग्रुप असतात, एकेका आजाराचे सपोर्ट ग्रुप असतात, तिथे थेट लिंक टाकू नकोस, आधी अ‍ॅडमिनला खासगीत विचार, काय बनवलंयस ते सांग, डेटा कुठे जातो ते सांग, आणि नाही म्हणाले तर सोडून दे, वाद घालू नकोस. औषधाच्या दुकानातले लोक, नर्स, यांना टेस्टर करू नकोस, त्यांना वेळ नसतो, पण त्यांना एकच प्रश्न विचार की ‘सारखं विसरणारं कोण आहे?’, त्यांना नावानिशी माहीत असतं, आणि त्यांनाच म्हण की त्या माणसाला विचारून मगच मला नंबर द्या. ऑफिसमधल्या लोकांना ‘तू करशील का’ विचारू नकोस, ‘तुझ्या घरी कोण रोज औषधं घेतं’ हे विचार. आणि एक चांगला टेस्टर मिळाला की त्याच्याकडून अजून एक माणूस माग, फक्त एकच, ‘तुमच्यासारखंच अजून कोणी आहे का’ म्हणून. माझे शेवटच्या वेळचे अर्धे टेस्टर असेच आले होते.

तुझ्यासारखीच दुसरी जी ॲप आहेत त्यांचे एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू बसून वाच. त्या लोकांशी तुला बोलता येणार नाही, पण कुठे दुखतंय ते नेमकं कळेल आणि टेस्टरला काय विचारायचं तेही. एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

‘मी तुझं करते, तू माझं कर’ वाले डेव्हलपर लोकांचे ग्रुप असतात ना, ते पैसे घेणाऱ्यापेक्षा बरे एवढंच म्हणेन. त्यातले एक-दोन जण घे, कारण डेव्हलपर माणूस ॲप मोडायला हुशार असतो, विचित्र बटणं दाबतो, मधेच नेट बंद करतो. पण १२ च्या १२ तिथून आणलेस तर परत माझ्या खर्चवाल्या ॲपची गोष्ट.

मागायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून मेसेजच लिहून देते, तुझ्या भाषेत बदल: “नमस्कार. मी औषधाची वेळ सांगणारं ॲप बनवलंय, अजून कच्चं आहे. तुमच्या घरी कोणी रोज दोन किंवा जास्त वेळा औषध घेत असेल आणि अँड्रॉइड फोन वापरत असेल तर १४ दिवस वापरून बघाल का? रोज दोन मिनिटं लागतील. मला चुका शोधायच्यात, त्यामुळे ‘वाजलं नाही’, ‘कळलं नाही’, ‘वैताग आला’ असं सांगितलंत तर माझा सगळ्यात जास्त फायदा आहे. जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, अजिबात राग नाही.” शेवटचं वाक्य गाळू नकोस. नाही म्हणायला जागा दिली नाही की लोक हो म्हणून गायब होतात, तुला अनुभव आहेच.

हो म्हणालेल्याला लगेच लिंक देऊ नकोस. आधी तीन प्रश्नांचा एक छोटा फॉर्म दे. पहिला प्रश्न, शेवटचं औषध कधी चुकलं आणि मग काय केलंत? दुसरा, फोन कुठला आणि अँड्रॉइड कितवं, सेटिंगमध्ये अबाउट फोनचा स्क्रीनशॉट टाकला तरी चालेल. तिसरा ईमेलचा, त्याच्यावर येतेच. पहिल्या प्रश्नाला जो दोन ओळी लिहितो, ‘परवा रात्री झोपून गेलो, सकाळी आठवलं, मग बायकोला सांगितलंच नाही’, तो तुझा माणूस. जो नुसतं ‘हो कधी कधी’ लिहितो त्याला प्रेमाने थँक्यू म्हण आणि राखीव यादीत ठेव. फॉर्म भरायचा कंटाळा करणारा माणूस पाचव्या दिवशी बग लिहून पाठवेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही.

ईमेलचं असं की तुझे ९ ऑप्ट-इन आणि ४ इन्स्टॉल यातल्या फरकात सगळा आळस नाहीये, काही जण अडकलेले असणार. क्लोज्ड टेस्टिंगमध्ये, म्हणजे या यादीतल्या लोकांपुरत्या टेस्टिंगमध्ये, तू जो ईमेल यादीत टाकतेस त्याच अकाउंटने माणूस प्ले स्टोअरमध्ये असावा लागतो. लोकांच्या फोनवर दोन-दोन तीन-तीन जीमेल असतात, तुला ऑफिसचा देतात, प्ले स्टोअर चालू असतं मुलाच्या अकाउंटवर, मग लिंक उघडली की ॲप सापडत नाही असं येतं, आणि ‘तुझी लिंक चालत नाहीये’ एवढं सांगायचं पण जिवावर येतं. म्हणून फॉर्ममध्ये ‘तुमचा ईमेल’ असं विचारूच नकोस, असं विचार: ‘प्ले स्टोअर उघडा, उजवीकडे वर तुमच्या फोटोच्या गोलावर टॅप करा, तिथे जो ईमेल दिसतो तो जसाच्या तसा लिहा.’ या एका वाक्याने माझे चार-पाच लोक वाचले होते. प्रत्येकाचा ईमेल हाताने घालत बसण्यापेक्षा एक गुगल ग्रुप करून तो टेस्टर म्हणून जोडता येतो, ते सोपं पडतं. आणि लिंक पाठवायच्या आधी रिलीज खरंच लाइव्ह झालंय का बघ, गुगलच्या रिव्ह्यूत अडकलेलं असताना पाठवलीस तर सगळ्यांनाच एरर. जे पाच जण अडकलेत त्यांना आजच एकेकट्याला मेसेज कर, ग्रुपवर नको, ‘कुठल्या पायरीला अडकलात, स्क्रीनशॉट पाठवा’.

बारा म्हणजे बाराच घेऊ नकोस. अर्ज करतेस तेव्हा किमान १२ जण मागचे १४ दिवस सलग ऑप्ट-इन असायला हवेत. बरोबर १२ असले आणि अकराव्या दिवशी एकाने बाहेर पडायचं बटण दाबलं तर संपलं, त्याच्या जागी आणलेल्या नव्या माणसाचे १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून. १८-२० घे. आणि लोकांना सांगून ठेव की फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप काढलंत तर मला कळवा, पण टेस्टिंगमधून बाहेर पडू नका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

त्या १८-२० जणांना सोडायच्या आधी दोन-तीन जणांवर इंटर्नल टेस्टिंग, म्हणजे प्ले स्टोअरचीच घरच्या घरी करायची आधीची चाचणी, करून घे. त्यात १०० पर्यंत लोक चालतात, बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, पटकन पोचतं, मात्र ते दिवस १४ मध्ये धरत नाहीत. पण पहिल्याच स्क्रीनला क्रॅश होणारं ॲप १८ जणांना पाठवलंस तर ते १८ जण दुसऱ्यांदा उघडणार नाहीत. टेस्टरचा पहिला दिवस एकदाच मिळतो, तो असल्या क्रॅशवर घालवू नकोस. आईला तर घेच इंटर्नलमध्ये, आणि तिच्या शेजारी बसून बघ, हात पाठीमागे बांधून, तोंड बंद ठेवून. ती चुकीच्या ठिकाणी टॅप करेल आणि तुझा जीव वरखाली होईल, ‘अगं आई तिथे नाही’ म्हणायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या ते तपासणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं गणित प्रसिद्ध आहे, की पाच जणांना वापरताना बघितलं तर वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. त्यात गृहीत असं होतं की एका माणसात सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, तुझ्या ॲपला तोच आकडा लागू पडेल असं नाही, पण शेजारी बसून पाच जण बघणं हे लांबून पन्नास जणांना लिंक पाठवण्यापेक्षा भारी, एवढं मात्र मी छातीठोक सांगेन.

मग पाच पुरे असताना १८ कशाला? कारण पाच जणांत कळतं ते बटण कुठे आहे, शब्द समजतो का, हे. नोटिफिकेशन वाजतं का हे फोनावर अवलंबून आहे, आणि तुझं सगळं ॲप म्हणजे शेवटी एक नोटिफिकेशनच आहे. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, घाईत ‘नको’ दाबलं की तुझं ॲप मुकं. अँड्रॉइड १४ पासून नव्याने इन्स्टॉल केलेल्या बहुतेक ॲपना ठरलेल्या मिनिटाला वाजायची परवानगी आपोआप मिळत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲप मारून टाकतात. फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात, ते तुझ्या ॲपने परत लावायचे असतात, लावतंय का? तुझ्या स्वतःच्या फोनवर सगळं चालतंय कारण आठ महिन्यांत तू सगळ्या परवानग्या देऊन बसली आहेस.

म्हणून टेस्टर निवडताना नावांची यादी करू नकोस, परिस्थितीची कर आणि मग तिच्यात माणसं बसव. स्वस्तातला, स्टोरेज भरलेला फोन कुणाकडे आहे. चार-पाच वर्षं जुना फोन कुणाकडे. अक्षरं सगळ्यात मोठी करून वापरणारं कोण, तिथे तुझं ‘घेतली’ बटण स्क्रीनच्या बाहेर जातं का. रात्रपाळी करणारं कोण, ज्याचा रात्री बाराचा डोस ‘उद्या’त जातो. प्रवासात टाइम झोन बदलणारं कोणी आहे का. दोघांची औषधं एकाच फोनवर सांभाळणारं. दृष्टी कमी असल्यामुळे टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) वापरणारं एखादं मिळालं तर फारच उत्तम. अशा १८ परिस्थिती झाल्या की त्यातल्या १२-१३ भरल्या तरी बास. तीन जणांकडे एकच फोन असेल तर दोघांना राखीव ठेव.

आता एक गोष्ट जी तुझ्या ॲपला खास लागू आहे आणि जी बहुतेक जण विसरतात. न वाजलेल्या नोटिफिकेशनची तक्रार कोणी करत नाही! क्रॅश झालं तर दिसतं, क्रॅशची नोंद ठेवणारं क्रॅशलिटिक्स लावलं असशील तर तुलाही कळतं, पण जे वाजलंच नाही ते कुणाच्या लक्षात कसं येणार, विसरतात म्हणून तर ॲप घेतलं. शिवाय कच्च्या ॲपच्या भरवशावर कुणाची खरी गोळी ठेवणं मला मान्यच नाही. तर दोन्हीवर एकच उपाय: टेस्टरना सांग की तुमची जुनी पद्धत, डबी, घड्याळाचा अलार्म, घरच्यांचा फोन, जे काय असेल ते या १४ दिवसांत अजिबात सोडायचं नाही. उलट फोनच्या साध्या घड्याळात औषधाच्या वेळेनंतर दहा मिनिटांनी एक अलार्म लावा. घड्याळ वाजलं आणि त्याआधी ॲप वाजलेलं नसलं तर मला नुसतं ‘नाही’ एवढा शब्द पाठवा. औषध तर चुकत नाहीच, आणि तुला प्रत्येक न वाजलेल्या वेळेचा हिशोब मिळतो. ॲपमध्येही नोंद ठेव, कधी वाजायचं ठरलं होतं आणि खरंच कधी वाजलं, आणि ही नोंद तू बघणार आहेस हे आधी सांग.

डेटाचं पण आधीच, न विचारता सांग. औषधाच्या नावावरून आजार कळतो, आणि आजार ही गोष्ट माणूस सगळ्यांना सांगत नाही. नावं फोनमध्येच राहतात की तुझ्या सर्व्हरवर जातात, टेस्टिंग संपलं की काय पुसणार, हे दोन ओळीत लिहून दे. खरं नाव टाकायचं नसेल तर ‘पांढरी गोळी’ लिहिलं तरी चालेल म्हणावं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला लावू नकोस, तुला एकटीला पाठवू देत.

१४ दिवस सांभाळायचे कसे, तर नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे नऊ पण नसतात, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे थंड पडतात. तेव्हा तू काय विचारतेस त्यावर सगळं आहे. ‘कसं वाटतंय ॲप?’ विचारलंस की ‘छान’ येणार, दुसरं काही येऊच शकत नाही, मावसभावाचा काही दोष नाही त्यात. ‘काल रात्रीची गोळी किती वाजता वाजली?’ विचार. ‘काल किती वेळा ॲप उघडलंत, कशासाठी?’ विचार. एका दिवशी एकच प्रश्न, आणि रोज नको, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या, शेवटच्या. लिहायचा कंटाळा असेल त्याला व्हॉइस नोट पाठवू दे, वयस्कर मंडळी व्हॉइस नोटमध्ये जे सांगतात ते फॉर्ममध्ये सात जन्मात लिहिणार नाहीत.

आणि तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर, भले दुरुस्ती आठवड्याने होऊ दे. ‘दिसलं मला, बघते’ एवढं पुरतं. समजावू नकोस, बचाव करू नकोस, ‘ते तिथे सेटिंगमध्ये आहे’ हे तर मुळीच नको, माझी ती चार मैत्रिणींवाली मुलगी आठव. दुरुस्त झालं की त्या माणसाला आधी कळव, ‘तुम्ही सांगितलेलं रिस्टार्टचं नव्या अपडेटमध्ये ठीक केलंय, परत एकदा करून बघाल?’ हे वाचलं की माणूस बदलतो गं, मग तो स्वतःहून शोधायला लागतो, शेजाऱ्याच्या फोनवर टाकून बघतो. तू विचारलंस भरवशाचे टेस्टर आणतात कुठून, तर निम्मे आणावे लागतात आणि निम्मे असे होतात. हे सगळं तारीख घालून एका वहीत लिहीत जा, कोणी काय सांगितलं, तू काय बदललंस. अर्जातले प्रश्न आले की वही उघडायची आणि उतरवायचं, काही रचावं लागत नाही. अर्जाचं उत्तर बहुतेकदा सात दिवसांच्या आत येतं, कधी जास्तही लागतात, तेवढं धरून लाँचची तारीख सांग लोकांना.

बक्षीस द्यायचं का? आधी आमिष नको, बक्षिसासाठी येणारा बक्षीस मिळेपर्यंतच राहतो. संपल्यावर आभार म्हणून प्रीमियम कायमचं फुकट दे, त्यांना आवडत असेल तर ॲपमध्ये त्यांचं नाव घाल. फक्त त्याच्या बदल्यात पाच स्टार मागू नकोस, पैसे किंवा भेट देऊन रेटिंग घेणं प्ले स्टोअरच्या नियमांतच बसत नाही. टेस्टिंग चालू असताना ते जे लिहितात ते तुला खासगीत दिसतं, बाहेरच्या रेटिंगमध्ये येत नाही, हे त्यांना सांगितलंस तर उलट मोकळेपणाने लिहितील. आणि लाँच झाल्यावर गरज सरो वैद्य मरो करू नकोस, पुढच्या प्रत्येक मोठ्या अपडेटला हीच माणसं लागणार आहेत.

आयफोनचं पुढे कधी केलंस तर ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्ये, म्हणजे आयफोनच्या टेस्टिंगच्या सोयीत, १२ जणांची असली अट नाहीये, बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर चालतात, फक्त प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद पडतं आणि बाहेरच्यांना द्यायच्या आधी पहिल्या बिल्डचा रिव्ह्यू होतो. ते तेव्हा बघू.

चौदावा दिवस आला म्हणजे लाँच करायलाच पाहिजे असं काही नाही हं. प्ले स्टोअर ज्या क्रॅश रेटला वाईट मानतं तो १.०९ टक्के आहे, म्हणजे दिवसभरात ज्यांनी ॲप वापरलं त्यातल्या शंभरात साधारण एकाला क्रॅश दिसला की तू रेषेवर आलीस. पण १८ टेस्टरांत टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, आणि तुझी रेषा क्रॅशची नाहीच, ‘नाही’ या मेसेजची आहे. सलग सात दिवस एकाही फोनवरून ‘नाही’ आला नाही तर कर लाँच. एकाच कंपनीच्या फोनवरून येत राहिले तर त्या फोनवाल्यांना पहिल्याच स्क्रीनवर बॅटरीची सेटिंग कशी बदलायची ते दाखव, आणि मग परत सात दिवस मोज.

मावसभावाला टाकून देऊ नकोस. तो औषध घेत नाही ना, मग त्याला वेगळं काम दे: दिवसातून दोनदा फोन बंद करून चालू कर, बॅटरी सेव्हर लाव, एअरप्लेन मोड लाव, आणि वाजलं की नाही ते सांग. असलं काम त्याला आवडेल बघ. आणि तो फॉर्म पाठवायच्या आधी मला दाखवलास तरी चालेल, ईमेलचा प्रश्न नीट लिहिलायस का तेवढं बघून देते.